एका धाग्यावरची पकड: यीस्टबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पेशीविभाजनावर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की बेकरीत वापरतात त्या यीस्टमध्ये प्रत्येक गुणसूत्र फक्त एकाच मायक्रोट्यूब्यूलने ओढलं जातं (शाळेच्या पुस्तकात ज्याला तर्कुतंतू म्हणतात तेच हे). बाकी लेख राहिला बाजूला, पत्रं आली ती सगळी या एका वाक्यावर. म्हणून यावेळची सगळी जागा त्यालाच देतेय, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, माणसात एका गुणसूत्राच्या पकडीला पंधरा-वीस मायक्रोट्यूब्यूल लागतात असं वाचलंय, मग यीस्टला एकच कसा पुरतो? आणि तो चिकटतो कशाला, थेट डीएनएला का?

थेट डीएनएला अजिबात नाही. मधे प्रोटीनचा भलामोठा डोलारा असतो, त्याचं नाव कायनेटोकोर, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी आकडे बघा. या यीस्टच्या एकेरी पेशीत १६ गुणसूत्रं, सगळा डीएनए मिळून साधारण १ कोटी २० लाख बेसजोड्या, आणि पकडायची जागा म्हणजे सेंट्रोमिअर प्रत्येक गुणसूत्रावर जेमतेम १२५ बेसजोड्यांचा. सोळाच्या सोळा धरले तरी बेरीज २००० च्या आसपासच जाते. लुईस क्लार्क आणि जॉन कार्बन यांनी १९८० मध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरचा हा तुकडा वेगळा काढला आणि एका गोल प्लाझमिडमध्ये (डीएनएचं सुटं कडं) घालून बघितला, तर जो प्लाझमिड एरवी चार-दोन पिढ्यांत गळून जायचा तोच एकदम शिस्तीत, गुणसूत्रासारखा दोन्ही पेशींत वाटला जायला लागला. म्हणजे पकडीसाठी लागणारी सगळी माहिती त्या छोट्या तुकड्यातच आहे हे तिथे सिद्ध झालं.

त्या १२५ चे तीन भाग पडतात. पहिला आठ अक्षरांचा, मधला ऐंशीच्या आसपास आणि जवळजवळ सगळा ए आणि टी यांनीच भरलेला, आणि तिसरा पंचविसेक अक्षरांचा. तिसरा सगळ्यात नाजूक, त्याच्या मध्यावरचं एक ठरावीक अक्षर बदललं की सेंट्रोमिअरचं काम संपलं, एक अक्षर फक्त. या तिसऱ्या भागावर आधी सीबीएफ-३ नावाचा प्रोटीनगट येऊन बसतो, मग एससीएम-३ हे प्रोटीन आपल्यासोबत सीएसई-४ ला घेऊन येतं. सीएसई-४ म्हणजे हिस्टोन एच-३ चाच (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्यातलं एक प्रोटीन) भाऊबंद, पण तो फक्त सेंट्रोमिअरवर बसायचा. डीएनए जिथे त्याच्याभोवती गुंडाळला जातो तिथे एक खास न्यूक्लिओसोम तयार होतो, गुणसूत्रावर असा एकच, आणि पुढचं सगळं बांधकाम त्याच्यावर.

त्याच्यावर एमआयएफ-२ आणि सीटीएफ-१९ वगैरे मंडळींचा आतला थर, त्याच्यावर एमटीडब्ल्यू-१ चा चौकडीचा गट, त्याला जोडून एसपीसी-१०५, आणि सगळ्यात बाहेर एनडीसी-८०. हे एनडीसी-८० म्हणजे चार प्रोटीन मिळून बनलेली लांबच लांब काडी, ५० नॅनोमीटरच्या वर, तिचं एक टोक आतल्या थरात रुतलेलं आणि दुसऱ्या टोकाने ती मायक्रोट्यूब्यूलला धरते. एका धाग्यावर अशा आठेक काड्या काम करतात. त्याच्या जोडीला डॅम-१ नावाचा दहा प्रोटीनचा गट आहे, हे गट एकमेकांना जोडून चक्क धाग्याभोवती कडं तयार करतात, २००५ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ही कडी दिसली तेव्हा बऱ्याच जणांचा विश्वास बसला नव्हता म्हणे. मायक्रोट्यूब्यूलची जाडी २५ नॅनोमीटर, त्याचं टोक सतत वाढत असतं किंवा उलगडत असतं, आणि टोक उलगडत मागे जाताना कडं त्याच्याबरोबर मागे सरकतं पण सुटत नाही. एक धागा पुरतो तो यामुळे. आपल्यात डॅम-१ नाहीच, तिथे स्का नावाचा वेगळाच गट साधारण तेच काम करतो.

आणि हो, हे सगळं सगळ्या यीस्टमध्ये सारखं नाही हां. फिशन यीस्टमध्ये (कळी न काढता मधोमध दुभागणारं) गुणसूत्रं तीनच, पण सेंट्रोमिअर हजारो अक्षरांचे आणि प्रत्येकाला दोन ते चार धागे. कँडिडा अल्बिकन्सची तर वेगळीच तऱ्हा, आठ गुणसूत्रं आणि आठही सेंट्रोमिअरचा डीएनए एकमेकांपेक्षा वेगळा. म्हणून "यीस्टमध्ये असं असतं" असं कोणी ठोकून दिलं की मी आधी विचारते, कुठलं यीस्ट?

दर विभाजनाच्या वेळी कायनेटोकोर नव्याने बांधतात का? की एकदा बांधला की कायम?

आपल्या पेशीत बाहेरचा थर विभाजनाच्या वेळी उभा राहतो आणि नंतर उतरवला जातो. बडिंग यीस्टमध्ये (म्हणजे आपलं बेकरीचंच, कळी काढून वाढणारं) मात्र कायनेटोकोर जवळजवळ पूर्ण वेळ धाग्याला धरूनच असतो, केंद्रकाचं आवरणही विभाजनात फुटत नाही, सगळा खेळ बंद दाराआड.

अपवाद फक्त डीएनएची कॉपी होतानाचा. सेंट्रोमिअरची कॉपी यीस्टमध्ये एस फेजच्या, म्हणजे डीएनए कॉपी होण्याच्या टप्प्याच्या, सुरुवातीलाच होते, कॉपी करणारं यंत्र तिथून जायचं म्हणजे डोलारा बाजूला व्हायलाच हवा, त्यामुळे एक-दोन मिनिटं गुणसूत्र धाग्यापासून सुटतं. तेवढ्यात जुना सीएसई-४ जातो, नवा बसतो, दोन्ही कॉप्यांवर कायनेटोकोर उभा राहतो आणि धागा परत पकडला जातो. परत पकडताना आधी धाग्याच्या कडेला चिकटायचं, मग ध्रुवाकडे (धागे जिथून निघतात ती जागा) घसरत जायचं आणि शेवटी टोकाची पकड घ्यायची असा क्रम असतो.

हे बांधकाम कुठेही आणि कधीही होऊ नये यासाठी दोन बंदोबस्त आहेत, मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. पहिला म्हणजे सीएसई-४ चुकून गुणसूत्राच्या दुसऱ्याच भागात शिरला तर पीएसएच-१ नावाचं प्रोटीन त्याच्यावर युबिक्विटिनची खूण लावून त्याची विल्हेवाट लावतं. दुसरा जरा वेगळा आहे. एमटीडब्ल्यू-१ च्या चौकडीत डीएसएन-१ म्हणून एक प्रोटीन आहे, त्याचा एक भाग स्वतःचीच जोडणीची जागा झाकून बसलेला असतो. ऑरोरा-बी एन्झाइमने (यीस्टमध्ये नाव आयपीएल-१) तिथे फॉस्फेट लावला की झाकण बाजूला होतं आणि आतला थर बाहेरच्याला जोडला जातो. म्हणजे पेशीचक्र पुढे कुठे पोचलंय त्यावर बांधकामाचा वेग ठरतो. २०१८ मध्ये तर यीस्टच्या पेशी फोडून काढलेल्या रसात नुसता सेंट्रोमिअरचा डीएनए टाकून अख्खा कायनेटोकोर परीक्षानळीत उभा करून दाखवला, आणि तिथेही हा फॉस्फेट लागतोच हे दिसलं.

दोन्ही कॉप्या चुकून एकाच बाजूच्या ध्रुवाला जोडल्या गेल्या तर? पेशीला चूक कळते कशी, तिला डोळे तर नाहीत.

प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय. चूक कळत नाही, ताण कळतो.

दोन कॉप्या कोहेसिन नावाच्या प्रोटीनच्या कड्याने एकमेकींना बांधलेल्या असतात. एक एका ध्रुवाला आणि दुसरी समोरच्या ध्रुवाला जोडली गेली की रस्सीखेच सुरू होते, दोन्ही बाजूंनी ओढ, आणि त्यामुळे पकड ताणली जाते. दोन्ही एकाच बाजूला गेल्या तर ओढायला समोर कोणी नाही, ताणही नाही. ताण नसलेल्या पकडीवर ऑरोरा-बी फॉस्फेट लावत सुटतं, एनडीसी-८० आणि डॅम-१ दोघांवरही, त्याने पकड सैल होऊन धागा सुटतो. मग नवीन प्रयत्न, परत चुकलं तर परत सुटणार, बरोबर बसलं की ताण येतो आणि मग ते टिकतं. बरोबर काय ते कोणी शोधत नाही, चुकीचं तेवढं टिकू दिलं जात नाही.

यीस्टमध्ये ही चूक नुसती शक्यता नाही, जवळजवळ ठरलेली आहे. कारण कॉपी होण्याआधी सगळे कायनेटोकोर जुन्या ध्रुवालाच धरून असतात, नवा ध्रुव नंतर बनतो, त्यामुळे सुटून परत पकडताना दोन्ही कॉप्या जुन्याच ध्रुवाकडे जाण्याचं प्रमाण मोठं. आयपीएल-१ बिघडवलेल्या यीस्टमध्ये नेमकं हेच होतं, जोडी सुटतच नाही, जुना ध्रुव कळीकडे जातो आणि दोन्ही कॉप्या त्याच्याबरोबर.

ताणाची कल्पना मुळात यीस्टमधून आलेलीच नाही. ब्रूस निकलस यांनी टोळाच्या पेशींमध्ये बारीक काचेच्या सुईने गुणसूत्र ओढून दाखवलं होतं की ताण दिला की पकड टिकते, हे १९६९ चं काम. यीस्टने त्यात भर घातली ती २०१० मध्ये, कायनेटोकोर पेशीतून शुद्ध करून बाहेर काढले, प्लास्टिकच्या मण्यावर चिकटवले आणि लेझरच्या चिमट्याने धाग्यापासून ओढले. अपेक्षा काय, जोर वाढला की लवकर सुटणार. झालं उलटं, काही पिकोन्यूटनपर्यंत जोर वाढवला तर पकड जास्त वेळ टिकली, आणि त्या नळीत एन्झाइमच्या कामासाठी एटीपीसुद्धा घातलेलं नव्हतं. म्हणजे एन्झाइमचं काम वेगळं आहेच, पण पकडीच्या रचनेतही काहीतरी आहे जे ओढल्यावर घट्ट होतं. ऑरोरावर सगळं श्रेय टाकणारे लेख वाचले की मला हा प्रयोग आठवतो.

समजा सोळापैकी पंधरा नीट जोडले गेले आणि एक राहिलं. पेशी थांबते म्हणतात. कोण थांबवतं?

जे राहिलंय तेच थांबवतं.

मोकळ्या कायनेटोकोरवर एमपीएस-१ हे एन्झाइम एनडीसी-८० ला येऊन चिकटतं आणि एसपीसी-१०५ च्या लांब शेपटावर फॉस्फेट लावतं. तिथे बीयूबी-३ आणि बीयूबी-१ येतात, त्यांच्या मागून एमएडी-१ आणि एमएडी-२. इथे एमएडी-२ आपला आकार बदलतं आणि एपीसीला चालू करणाऱ्या सीडीसी-२० ला पकडून बसतं. एमएडी-३ आणि बीयूबी-३ त्यात सामील झाले की एक गट बनतो जो या एपीसी नावाच्या मोठ्या यंत्राला अडवून धरतो, आणि हे एपीसी चाललं नाही तर पुढचं काहीच होत नाही.

पुढचं म्हणजे काय? एपीसी पीडीएस-१ या प्रोटीनला नष्ट करायची खूण लावतं. पीडीएस-१ ईएसपी-१ ला, म्हणजे सेपरेजला, दाबून बसलेलं असतं. ते गेलं की सेपरेज मोकळं होतं आणि कोहेसिनच्या कड्यातलं एससीसी-१ कापतं, कडं तुटलं की कॉप्या वेगळ्या. इतकं सरळ असेल का अशी शंका तेव्हा लोकांना होती, म्हणून २००० मध्ये एक प्रयोग झाला: एससीसी-१ मध्ये तंबाखूच्या एका व्हायरसच्या एन्झाइमला कापता येईल अशी जागा घुसवली आणि थांबवून ठेवलेल्या यीस्टमध्ये ते एन्झाइम तयार करायला लावलं. सेपरेजचा काही संबंध नाही, तरी कॉप्या सुटून दोन ध्रुवांकडे निघाल्या. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात स्वच्छ प्रयोग.

धागा जोडला गेल्यावर थांबा कसा उठतो हेही बडिंग यीस्टमध्येच २०१५ साली नीट दिसलं. धागा जोडला जाताना एनडीसी-८० वर बसलेलं एमपीएस-१ आणि एसपीसी-१०५ चं शेपूट यांच्यातलं अंतर वाढतं, एन्झाइम पोचतच नाही, आणि दुसरीकडून फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम काम करत असतंच. म्हणजे पकडणारं यंत्र आणि थांबवणारं यंत्र अशी दोन वेगळी यंत्रं नाहीतच, पकड बसली की त्याच डोलाऱ्याची मांडणी बदलते आणि ओरडणं बंद होतं.

मी एम.एस्सी. करतोय. आमच्या सरांनी सांगितलं की एमएडी जीन काढून टाकले तरी यीस्ट जिवंत राहतं. मग चेकपॉइंट, म्हणजे हा थांबा, एवढा महत्त्वाचा कसा?

सर बरोबर आहेत. १९९१ मध्ये हे जीन सापडले तेच मुळी यामुळे, एका गटाने एमएडी शोधले, दुसऱ्याने बीयूबी, दोन्ही वेळा यीस्टला बेनोमिलसारखं मायक्रोट्यूब्यूल मोडणारं रसायन दिलं होतं आणि जे थांबायला हवे होते पण थांबले नाहीत ते म्युटंट उचलले. रसायन नसेल तर एमएडी-२ नसलेलं यीस्ट बऱ्यापैकी वाढतं, फक्त गुणसूत्रं जास्त वेळा हरवतात. कारण वर आलंच, यात धागा सुटतो तोच एक-दोन मिनिटांसाठी आणि तेही पेशीचक्राच्या सुरुवातीला, चुका सुधारायला वेळ भरपूर उरतो. उंदरात एमएडी-२ काढलं तर भ्रूणच जगत नाही. त्यामुळे चेकपॉइंटला रोज काम नसतं असं म्हणा हवं तर, पण काम नसतंच असं नाही.

पेशीचक्र मुळात चालवतं कोण?

सीडीके नावाचं एन्झाइम आणि त्याला चालू करणारी सायक्लिन ही प्रोटीनं. सीडीके म्हणजे यीस्टचं सीडीसी-२८, त्याचं प्रमाण साधारण सारखंच राहतं आणि सायक्लिन बदलत राहतात. जी-१ मध्ये (डीएनएची कॉपी सुरू होण्याआधीचा टप्पा) सीएलएन गटाचे, ते अडवून बसलेल्या डब्ल्यूएचआय-५ ला बाजूला करून पेशीला स्टार्ट नावाच्या टप्प्यापलीकडे नेतात, तिथून मागे फिरता येत नाही. मग त्यांना दाबून ठेवणारं एसआयसी-१ नष्ट होतं, सीएलबी-५ आणि ६ हे सायक्लिन डीएनएची कॉपी सुरू करतात आणि सीएलबी-२ विभाजन घडवतं. शेवटी एपीसी सीएलबीसुद्धा संपवतं, म्हणजे ज्या यंत्राला मोकळा कायनेटोकोर अडवतो तेच घड्याळही परत शून्यावर आणतं. चांगलं खाद्य आणि ३० अंश तापमान असेल तर हे सगळं दीड तासात.

लेलंड हार्टवेल यांनी सीडीसी म्युटंट (पेशीचक्र मधेच अडकणारं यीस्ट) १९७० च्या सुमारास गोळा केले. पद्धत साधी, कमी तापमानात वाढणारं आणि ३६ अंशाला अडकणारं यीस्ट घ्यायचं, आणि अडकल्यावर सगळ्या पेशींची कळी एकाच आकाराची दिसते का ते बघायचं. कळी नाही म्हणजे जी-१, छोटी म्हणजे कॉपी चालू, मोठी म्हणजे विभाजनाच्या तोंडाशी. यीस्टची पेशी आपलं घड्याळ अंगावरच घेऊन फिरते. पॉल नर्स यांनी फिशन यीस्टमध्ये सीडीसी-२८ चाच जोडीदार जीन गाठला, आणि १९८७ मध्ये मेलनी ली यांच्याबरोबर दाखवून दिलं की माणसाचा जीन त्या यीस्टमध्ये घातला तरी म्युटंट वाढतो. २००१ चं नोबेल हार्टवेल, नर्स आणि सायक्लिन शोधणारे टिम हंट यांना मिळालं.

एवढा खर्च यीस्टवर, माणसाला काय उपयोग?

वरचा १९८७ चा प्रयोग परत वाचा. शिवाय व्हिनक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल ही कॅन्सरची औषधं मायक्रोट्यूब्यूलवरच काम करतात आणि पेशी ज्या थांब्यावर अडकतात तो हाच, एमएडी आणि बीयूबीचा. औषधाने अडकलेली पेशी पुढे मरते की निसटून जाते हा आजही संशोधनाचा मोठा विषय आहे.

गुणसूत्र हरवलं हे आम्हाला कॉलेजच्या लॅबमध्ये डोळ्यांनी दिसेल का? मायक्रोस्कोप बरा आहे पण फ्लुओरेसन्सवाला नाही.

दिसेल, आणि मायक्रोस्कोपही नको. एडीई-२ हा जीन बिघडलेलं यीस्ट ॲडेनीन कमी असलेल्या प्लेटवर लाल होतं, कारण ॲडेनीन बनवण्याच्या वाटेवरचा एक पदार्थ साठून त्याचं लाल रंगद्रव्य तयार होतं. आता ती बिघडलेली जागा दुरुस्त वाचणारा सप्रेसर जीन एका जादा, गरज नसलेल्या गुणसूत्राच्या तुकड्यावर ठेवायचा. दुहेरी यीस्टमध्ये तो तुकडा दोन प्रतींत असला तर कॉलनी पांढरी, एक असला तर गुलाबी, एकही नाही तर लाल.

खरी मजा एकच तुकडा असलेल्या पेशीच्या पहिल्याच विभाजनात चूक झाली तर आहे. कॉलनी बरोबर मधोमध दुभागलेली दिसते. अर्धी गुलाबी आणि अर्धी लाल असेल तर तुकडा एका पेशीत गेलाच नाही, हरवला. अर्धी पांढरी आणि अर्धी लाल असेल तर दोन्ही कॉप्या एकाच पेशीत गेल्या, म्हणजे वरच्या प्रश्नातली एकाच ध्रुवाला जोडलेली जोडी तुमच्यासमोर प्लेटवर. सीटीएफ-१३, सीटीएफ-१९ ही कायनेटोकोरची नावं अशाच लाल ठिपक्यांच्या कॉलन्या निवडून आलेली आहेत.

धडधाकट यीस्टमध्ये एखादं गुणसूत्र साधारण एक लाख विभाजनांत एकदा हरवतं, त्यामुळे दुभागलेल्या कॉलन्या दिसण्याची वाट बघत बसू नका. तुकडा लहान असेल तर तो जास्त हरवतो आणि कायनेटोकोरचा म्युटंट बरोबर ठेवलात तर फरक लगेच कळतो, म्हणून दोन प्लेट शेजारीशेजारी करा. रंग फिका वाटला तर प्लेट दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, लाल गडद होतो, मग मोजा. आणि प्लेटमध्ये ॲडेनीन जास्त पडलं तर सगळंच पांढरं दिसेल, तेवढं बनवताना बघा.